रुमालाखालचा आकडा

भूपालअण्णा मगदुमांचं दुसरं हृदय मंगळवारी सकाळी, दारात भाजीवाली बसलेली असताना, कुरिअरनं आलं.

त्रिशला तेव्हा दोडके निवडत होती. त्रिशला म्हणजे अण्णांची थोरली मुलगी, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. वडिलांची तब्येत बिघडल्यापासून दोन गल्ल्या पलीकडचं आपलं घर नवऱ्यावर सोपवून ती इथं मुक्कामाला आली होती आणि शाळेसारखंच हे घरही घंटेवर चालवत होती. कुरिअरवाल्याच्या यंत्रावर तिनं अंगठा टेकवला आणि खोका काखोटीला मारला.

"काय मागवलंसा बाई?" भाजीवालीनं विचारलं.

"अण्णांचं हृदय."

भाजीवालीनं एकदा खोक्याकडं, एकदा बाईंकडं पाहिलं आणि पिशवीत एक दोडका जादा टाकला.

खोक्यात काचेची पेटी होती आणि पेटीत मुठीएवढं, मऊ, तपकिरी-गुलाबी हृदय. पेटीची पिन भिंतीत खोचताच ते एकदा आचका देऊन जागं झालं आणि धडधडायला लागलं. अण्णांच्या छातीवर आठवड्यापूर्वीच एक चकती चिकटवलेली होती. ती चकती जे ऐकेल ते हे हृदय तसंच्या तसं करून दाखवत असे. अण्णांनी गंमत म्हणून जागच्या जागी दोन उड्या मारल्या, तर पेटीतलं हृदयही धावायला लागलं.

"बस करा!" त्रिशला ओरडली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"बघत होतो, माल अस्सल हाय का," अण्णा म्हणाले आणि खुर्चीत टेकले. टेकताना त्यांना जरा वेळ लागला, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मिरजेच्या डॉक्टर रेहाना मुजावर यांनी आजार फार सोपा करून सांगितला होता. हृदयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या नळीच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची एक झडप असते. दर ठोक्याला ती उघडते आणि मिटते. अण्णांच्या या पाकळ्यांवर चुन्याचे थर चढले होते, पाणी तापवायच्या बंबात आतून चढतात तसे. रुपयाएवढं उघडणारं दार आता पेन्सिल जाईल एवढंच उघडत होतं. त्यात दाराबाहेरची नळीही थोडी फुगली होती. उपाय तीन होते. पहिला म्हणजे छाती उघडून झडप बदलायची आणि त्याच वेळी नळीही दुरुस्त करायची. दुसरा, मांडीतल्या रक्तवाहिनीतून घडी घातलेली नवी झडप वर सरकवायची आणि जागेवर नेऊन उघडायची. यात छातीला हात लागत नाही, पण फुगलेली नळी तशीच राहते. आणि तिसरा म्हणजे नुसत्या गोळ्या.

यातलं कुठलं निवडायचं, ते ठरवायला पेटीतलं हे जुळं हृदय होतं. अण्णांच्या हृदयाचे शेकडो छेद घेऊन संगणकानं आधी ते हुबेहूब उभं केलं होतं, आणि रक्त कुठं जोरात वाहतं, कुठं अडतं, त्याची गणितं लाखो ठिकाणी मांडली होती. हवामानखातं कालचा अंदाज आजच्या वाऱ्यापावसाशी ताडून सुधारत जातं, तसं हे जुळं छातीवरच्या चकतीशी रोज ताडून स्वतःला सुधारत होतं. चार आठवड्यांत ते इतकं तयार होणार होतं, की पेटीवरची चकरी फिरवून त्याला पुढं ढकलता यावं. उपाय निवडायचा, वर्ष निवडायचं, की त्या वर्षी हे हृदय कसं चालेल ते डोळ्यांसमोर दिसणार.

"पण यंत्राला छाती कळते," डॉक्टर म्हणाल्या होत्या, "माणूस काय सोसतोय, ते कळत नाही. ते विचारावंच लागतं."

म्हणून जुळ्याबरोबर पन्नास प्रश्न आले होते. पेटीसोबत आलेल्या बोलक्या पडद्याच्या पाटीवरच्या गोड आवाजाच्या बाईनं ते एकेक करून विचारले.

"जिना चढताना दम लागतो का?"

"छ्या!"

"सलग किती चालता?"

"मोजलं न्हाई. भरपूर."

"एखादा व्यायाम?"

"रोज सकाळी कृष्णेत पोहतोय. पलीकडं जाऊन परत."

"छान!" बाई म्हणाली. अण्णांनी मिशीवरून बोट फिरवलं.

पन्नासावा प्रश्न मात्र वेगळा होता. "घरात राहून, जपून काढायची बारा वर्षं एका बाजूला ठेवा. तुम्हाला आवडतं ते करत काढायची वर्षं दुसऱ्या बाजूला. ती किती मिळाली, तर तुम्ही ही बारा सोडाल?"

अण्णांनी मिशीवरचं बोट खाली घेतलं. मग म्हणाले, "आमच्या त्रिशलाला विचारा."

"हा आकडा फक्त तुमचाच हवा," बाई म्हणाली. अण्णांनी पाटी पालथी घातली आणि चहा मागितला.

संध्याकाळी शेजारच्या पाटीलकाकू जुळं बघायला आल्या. त्यांनी पेटीला हळदकुंकू लावलं आणि दृष्ट लागू नये म्हणून कोपऱ्यात काजळाचं बोट ओढलं. त्या गेल्यावर अण्णा आत गेले, कपाटातून आपला जुना रुमाल काढून आणला आणि पेटी झाकून टाकली. "उघडं हृदय बरं दिसत न्हाई," ते म्हणाले.

रुमाल म्हणजे चांगला टॉवेलएवढा, कितीही धुतला तरी पिवळा राहिलेला. अण्णांनी बेचाळीस वर्षं सांगलीच्या बाजारात हळदीची अडत केली. आता हळदीचा वास घेणारी यंत्रं आली आणि भाव पडद्यावर झळकायला लागले. पण अण्णांच्या उमेदीत सौदा व्हायचा तो रुमालाखाली. अडत्या आणि व्यापारी समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल पडायचा आणि आत बोटं बोलायची. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, सगळा पंजा धरला की पाच, पंजा सोडून वर आणखी दोन बोटं धरली की सात. भोवती पन्नास माणसं असली तरी आकडा त्या दोन हातांबाहेर जात नसे. रुमालाबाहेर पाहिजे तेवढी थापेबाजी चालायची. रुमालाच्या आत दाबलेलं बोट मात्र फिरवायचं नाही. फिरवणाऱ्याच्या हातावर पुन्हा कुणी रुमाल टाकत नसे.

शेतकरी आणि व्यापारी यांच्या मधोमध बेचाळीस वर्षं बसल्यानं अण्णांच्या जिभेला एक वळण पडलं होतं. समोर जो असेल त्याला ते म्हणत, "बरोबर हाय तुमचं." नाही हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. त्यांच्या मनात खरं काय आहे, ते फक्त त्रिशलाच्या आईला कळायचं, आणि ती जाऊन सहा वर्षं झाली होती.

*

चौथ्या आठवड्यातल्या रविवारी बैठक बसली. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि त्रिशलानं भिंतीवरच्या पडद्यावर धाकट्या भावाला बोलावलं. शीतल बंगळुरात पुलांची कामं बघायचा. आभाळात टांगलेल्या पुलावरून तो बिनधास्त चालायचा, पण इंजेक्शनची सुई पाहिली की घेरी येऊन पडायचा.

त्रिशलानं रुमाल बाजूला केला आणि चकरी फिरवली. छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया: बारा वर्षं. मांडीतून झडप: नऊ वर्षं. ही सरासरी आहे, अंदाज आहे, वचन नव्हे, असं पडद्यावर ठळक अक्षरांत आलं, पण ते कोण वाचतो! मग तिनं नुसत्या गोळ्या लावून पाहिल्या. एक वर्ष, दोन, चार, पाच. पेटीतलं हृदय किंचित मंदावलं, पण चालत राहिलं.

"बघा!" शीतल म्हणाला. "पाच वर्षं नुसत्या गोळ्यांवर निघतायत. मग चिरफाड कशाला, अक्का? पाच वर्षांत आणखी काहीतरी नवीन निघेल."

"बरोबर हाय तुझं," अण्णा म्हणाले.

"आणि बारा मिळत असताना पाच का घ्यायची?" त्रिशला कडाडली. "शस्त्रक्रियाच करायची. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"तुझंबी बरोबर हाय," अण्णा म्हणाले.

"अण्णा, दोन्ही कसं बरोबर असेल?"

"हेबी बरोबर हाय."

बैठक तिथंच मोडली. अण्णा झोपायला गेल्यावर त्रिशलानं पाटी उघडली. पन्नासावा प्रश्न अजून रिकामाच होता आणि उत्तरं शुक्रवारपर्यंत द्यायची होती. तिनं आत डोकावून पाहिलं, पुन्हा पाटीकडं पाहिलं आणि 'बारा' भरून टाकलं. बाराच्या बदल्यात बारा, म्हणजे वर्षांशी सौदा नाहीच. आपण वडिलांच्या भल्याचंच करतोय, याची तिला खात्री होती. तरीही तिनं पाटी मिटली ती जरा घाईनंच.

*

बुधवारी शाळेत असताना डॉक्टर मुजावरांचा फोन आला.

"त्रिशलाताई, अण्णा पट्टीचे पोहणारे आहेत का हो?"

"म्हणजे काय! निम्म्या सांगलीला त्यांनी पोहायला शिकवलंय."

"मग एक गंमत सांगते. त्यांच्या छातीवरची चकती सांगते, की सकाळी सहा ते सात त्यांची नाडी अठ्ठ्याहत्तरच्या वर जात नाही. कातडी पण गार पडत नाही. एवढ्या शांतपणे कृष्णा पार करणारा माणूस मी अजून पाहिला नाही." डॉक्टर हसल्या, पण लगेच त्यांचा आवाज बदलला. "जुळं जुळत नाहीये. छाती एक सांगते, उत्तरं दुसरंच. उत्तरं खरी धरली म्हणून ते गोळ्यांवर पाच वर्षं चाललं. ती खोटी असतील, तर ती पाच वर्षंही खोटी. जरा बघा."

गुरुवारी सकाळी अण्णा टॉवेल खांद्यावर टाकून निघाले आणि त्यांच्या मागोमाग, अर्ध्या गल्लीचं अंतर ठेवून, मुख्याध्यापिकाबाई.

घाटावर सकाळची गर्दी होती. पाण्यात मगर शिरली की शीळ घालणारे महापालिकेचे पिवळे गोळे संथ डुलत होते. अण्णांनी सदरा काढून ठेवला, शेवटच्या पायरीवर बसले आणि पाय पाण्यात सोडले. बघत राहिले. पोरं सूर मारत होती, म्हातारे हात मारत पलीकडं चालले होते. अण्णांची मान त्यांच्याबरोबर पलीकडच्या काठापर्यंत जायची आणि परत यायची. अर्ध्या तासानं त्यांनी पिशवीतून तांब्या काढला, भरून डोक्यावर ओतला, आणखी एक ओतला. टॉवेल पाण्यात बुचकळला, पिळला आणि केसांवरून नीट कंगवा फिरवला.

रोज सकाळी ओल्या केसांनी घरी येऊन "आज पाणी काय झकास हुतं!" म्हणणारे अण्णा त्रिशलाला आठवले. त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवताना आपण कधी त्यांची चड्डी कोरडी कशी, हे पाहिलं नाही, हेही आठवलं.

एवढ्यात अण्णांचे जुने दोस्त हिंदुराव पाण्यातून निथळत वर आले. "अण्णा, आज कुठंवर गेलासा म्हणून सांगायचं?"

"पलीकडं. दोन खेपा."

"वाटेत मगर भेटली असंल की," त्रिशला मागून म्हणाली.

दोघं म्हातारे शाळेत पकडल्यासारखे उभे राहिले. हिंदुरावांनी तर हातही मागं बांधले.

"किती दिवस चाललंय हे?"

"दिवाळीपासनं," हिंदुरावांनी लगेच कबूल केलं. "मी सांगत हुतो त्येंला, लेकीला सांगा म्हणून." आणि ओले कपडे गोळा करून त्यांनी पळ काढला.

अण्णा पुन्हा पायरीवर बसले. "दोन हात मारले की डोळ्यापुढं काळोख येतोय गं," ते म्हणाले. "जिन्यातबी. मधल्या पायरीवर मी खिडकीतनं बघतोय म्हणून थांबतो, ते दमासाठी."

"मग यंत्राला खोटं का सांगितलंत?"

"खोटं कुठं? पयला भाव सांगितला." अण्णांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "घ्यायला गेलेल्यानं गरज दाखवली, की समोरचा चढतोय. म्हटलं, आपण जरा कमी सांगू. ते वाढवतील, मग मी थोडं सोडीन. मधी कुठंतरी जुळंल."

"अण्णा, यंत्र घासाघीस करत नाही!"

"मग आधी सांगायचं हुतं की तसं. ती बाई तर 'छान' म्हणाली."

त्रिशलाला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांना धार लागली आणि तिनं त्याच ओल्या टॉवेलात तोंड खुपसलं. बेचाळीस वर्षांची अडत अंगात मुरलेला हा माणूस आपल्याच जिवाचा भाव पाडून आला होता.

*

त्या दिवशी तिनं रजा टाकली आणि दोघांनी पन्नास प्रश्न पहिल्यापासून घेतले. जिन्यात दम? लागतो. कितव्या पायरीला? आठव्या. छातीत दुखतं? कधी कधी. प्रत्येक उत्तराला अण्णा असे कळवळायचे, की जणू कुणी पदरचं काढून घेतंय. जुळ्यानं तासाभरात सगळी गणितं नव्यानं मांडली.

दुपारी दोघंच पेटीसमोर बसली. त्रिशलानं आधी नुसत्या गोळ्या लावल्या आणि चकरी हळूहळू पुढं सरकवली. चार महिने. सात महिने. हृदय अडखळायला लागलं. दहाव्या महिन्यात ते थरथरलं, आणि अकराव्यात थांबलं.

खोलीत कसलाच आवाज उरला नाही. गेल्या चार आठवड्यांत त्या धडधडीची इतकी सवय झाली होती, की तिचं थांबणं त्रिशलाला कानांत दुखलं. तिचा हात चकरीवर तसाच राहिला.

अण्णांनी वाकून तिचा हात बाजूला केला आणि चकरी मागं, पार 'आज'वर आणली. हृदय एकदा आचकलं आणि पुन्हा चालू झालं.

"घाबरलीस व्हय?" ते म्हणाले. "मी हितं हाय की."

मग त्यांनी उरलेले दोन उपाय लावून पाहिले. छाती उघडली तर बारा वर्षं, पण त्यातलं पहिलं वर्ष बहुतेक अंथरुणातच जाणार, आणि नदी पुन्हा अंगाला लागण्याची आशा पाचात एक. मांडीतून झडप बसवली तर नऊ वर्षं. तिसऱ्या दिवशी घरी, सहा आठवड्यांनी पाण्यात. खाली पन्नासावा प्रश्न होता आणि त्यापुढं आकडा होता बारा.

"हे कुणी भरलं?" अण्णांनी विचारलं.

"मी."

अण्णांनी त्या आकड्यावरून बोट फिरवलं. त्रिशला वाट बघत होती, की आता रागावतील. तिला ते बरं वाटलं असतं.

"बरोबर हाय तुझं," अण्णा म्हणाले.

"तेवढं म्हणू नका!" त्रिशला ताडकन उठली. "आयुष्यभर सगळ्यांना बरोबर आहे, बरोबर आहे! हे हृदय तुमचं आहे, अण्णा. माझं नाही, शीतलचं नाही. तुम्हाला काय पाहिजे, ते एकदा तरी तोंडानं सांगा की!"

अण्णांनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द काही येईना. ते लेकीकडं असे बघत राहिले, की त्रिशलाला एकदम सगळं उमगलं. ते मुद्दाम सांगत नव्हते असं नाही. तोंडानं सांगायची वाटच त्यांना ठाऊक नव्हती.

आणि तिला सहावीतली गोष्ट आठवली. गणितात शंभरात तेवीस पडले होते आणि घरी सांगायची छाती होत नव्हती. ती दुकानात जाऊन पोत्यांच्या मागं बसली. अण्णांनी काही विचारलं नाही. रुमाल उचलला, तिच्या हातावर टाकला आणि स्वतःचा हात आत घातला. "रुमालाखाली खोटं बोलायचं न्हाई," ते म्हणाले होते. "मी रुमालाखाली रागावणार न्हाई. आणि हितला आकडा भाईर जाणार न्हाई. आईलाबी न्हाई." तिनं दशकाची दोन बोटं दाबली, हात सोडला, मग एककाची तीन दाबली. अण्णा नुसते "बरं" म्हणाले आणि तिला उसाचा रस पाजायला घेऊन गेले.

त्रिशलानं पेटीजवळचा रुमाल ओढला, अण्णांसमोर बसली आणि तो दोघांच्या हातांवर पसरला.

"खोटं बोलायचं नाही," ती म्हणाली. "मी रागावणार नाही. आणि बाहेर जाणार नाही."

अण्णांच्या चेहऱ्यावर हळूहळू जुना बाजार उगवला. पाठ ताठ झाली, डोळे बारीक झाले. रुमालाखाली त्यांच्या जाड, राठ बोटांनी तिचा हात शोधला आणि पंजा पुरता धरला. पाच. सोडला. मग एकच बोट, करंगळी, घट्ट दाबली.

सहा.

बाराच्या निम्मी! पाण्यातली सहा वर्षं मिळाली, तर हा माणूस घरातली बारा सोडायला तयार होता. आपल्या सोबतीची सहा वर्षं सोडायला तयार होता. तिच्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या. पण न रागावण्याचा शब्द दिला होता आणि करंगळी अजून त्यांच्या मुठीत होती. ती मूठ जराही डळमळत नव्हती. एवढा ठाम तिनं त्यांना कधीच पाहिला नव्हता.

"बरं," ती म्हणाली.

"आता तू," अण्णा म्हणाले. "तुझा किती, ते बी कळू दे."

त्रिशलानं त्यांचा पंजा धरला. पाच. पुन्हा धरला. दहा. पुन्हा. पुन्हा. तिला थांबताच येईना. पंचवीस, तीस, पस्तीस. रुमाल नुसता हलत राहिला आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्यावर टपटपायला लागलं.

"अगं, एवढा माल न्हाई बाई माझ्याकडं!" अण्णा म्हणाले, आणि त्यांचाही आवाज कापला. मग दोघंही हसायला लागली, आणि पेटीतलं उघडं हृदयही त्यांच्या हसण्याबरोबर धडधडायला लागलं.

शेवटी अण्णांनी चष्मा लावला, पाटी जवळ ओढली, बारा खोडलं आणि आपल्या बोटानं आपला आकडा भरला. जुळ्यानं क्षणभर विचार केला. मांडीतून झडप, असं पडद्यावर आलं. अंदाजे नऊ वर्षं.

अण्णांनी दोनदा वाचलं. "मागितली सहा आणि देतंय नऊ," ते म्हणाले. "असा सौदा कोण सोडतंय!"

*

पुढच्या पंधरवड्यात मिरजेला झडप बसली. दीड तास लागला. अण्णा जागे होते आणि नवी झडप मांडीतून वर सरकत असताना डॉक्टर मुजावरांना चांगली हळद कशी ओळखायची, ते समजावून सांगत होते. मोडली की कट्‌ असा आवाज आला पाहिजे, आत शेंदरी दिसलं पाहिजे. डॉक्टरांनी झडप उघडली, पडद्यावर रक्ताची धार मोकळी झाली, आणि अण्णा बोलता बोलता थांबले.

"काय झालं, अण्णा?"

"काय न्हाई. कुणीतरी खिडकी उघडल्यागत वाटलं."

शीतल बंगळुरूहून आला होता. तो बाहेरच बसून राहिला आणि सगळं नीट पार पडल्याचं कळल्यावर मग घेरी येऊन पडला. तोंडावर पाणी मारून उठवल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "अक्का, अण्णांनी आकडा किती भरला?"

"तो भरला त्यांनी," त्रिशला म्हणाली.

"पण किती?"

"चहा घेणार का?"

सहा आठवड्यांनी, रविवारी सकाळी सातला, सगळे घाटावर जमले. डॉक्टरांनी परवानगी देताना अटी घातल्या होत्या. सोबत माणूस हवा, मागं नाव हवी, आणि धाप लागली की निमूट नावेत चढायचं. हिंदुराव लंगोट कसून तयार होते. अण्णांनी सदरा काढला, कृष्णेचं पाणी ओंजळीनं डोक्याला लावलं आणि यावेळी तांब्या पिशवीतच राहू दिला. मग हळूच, पायरीपायरीनं, ते गळ्याइतक्या पाण्यात गेले आणि त्यांनी पहिला हात मारला.

त्रिशला पायरीवर बसली होती. तिच्या मांडीवर आज बॅटरीवर चालणारी पेटी होती, पेटीवर रुमाल आणि रुमालाखाली तिचा हात. काचेचं झाकण तिनं काढून ठेवलं होतं. तळव्याखाली अण्णांचं हृदय चालत होतं. आधी सावकाश. मग नदीच्या मध्यावर ते जोरात धावायला लागलं आणि त्रिशलानं तळवा घट्ट टेकवला. पण ते अडखळलं नाही. भरून, मोकळं, एका लयीत ते धावत राहिलं. वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेलं कुणीतरी धावत घरी येतंय, असं तिला वाटलं.

"चार मिनिटं झाली," शेजारी बसलेला शीतल म्हणाला. तो डोळे मिटूनच बसला होता. "दिसतायत का? मला सांग फक्त."

"दिसतायत. पोचलेच."

पलीकडच्या काठावर अण्णा पाण्यातून वर आले, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि वळले. इतक्या लांबून त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी उजवा हात उंच केला आणि पंजा उघडला. मिटला. पुन्हा उघडला, मिटला. पुन्हा. पुन्हा. त्रिशला मोजत राहिली. पंचवीस, तीस, पस्तीस.

शीतलनं एक डोळा किलकिला केला. "काय खुणावतायत गं ते?"

त्रिशलानं पेटीवरचा रुमाल नीट सारखा केला.

"पोचलो म्हणतायत," ती म्हणाली.